एकाच डोळ्याचे तीन आकडे

माझा उजवा डोळा ज्या डॉक्टरने घालवला, त्याच्या डहाणूतल्या दवाखान्यावरून मी आठवड्यातून दोनदा तरी जाते, आणि दर वेळी त्याला मनातल्या मनात एक शिवी हासडते. आई म्हणायची, राग गिळावा. पण आम्ही मच्छीमाराघरची माणसं. गिळायला आम्हाला मासळी पुरते. राग मी बोंबलासारखा नीट वाळवला आणि अडीच वर्षं टिकवला.

काय झालं ते सांगायचं तर आधी चिकूचं सांगावं लागेल, कारण दुसरं मला काही येत नाही.

लग्न होऊन आले तेव्हापासून मी घोलवडजवळच्या एका वाडीच्या पॅकिंग शेडमध्ये निवडीला बसते. झाडावरून उतरवलेला चिकू धुऊन, अंगावरचा भुसा काढून आमच्यापुढे येतो आणि आम्ही बायका तो हातांनी वेगळा करतो. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर आणि उरलेला बारीक माल. वजनकाटा नाही, माप नाही. फळ हातात येतं, डोळा त्यावर पडतो आणि ते पेटीत जातं. विचार करत बसलं की हात अडखळतो. आता मी त्या बायकांची मुकादम आहे, पण हे काम मला शिकवलं वेवजीच्या मावशीने. नात्याने ती माझी कोणी नाही. घरी भात आणि नागलीची शेती आहे, तरी हंगामात रोज वेवजीहून येते, आणि शेडमधल्या सगळ्यांचीच ती मावशी आहे.

मावशीची एक युक्ती आहे. नव्या बाईचा हात बसला की नाही ते बघायचं असेल तर ती तिच्याच निवडलेल्या पेट्यांतून वीस फळं काढते, कुठलं फळ कुठल्या पेटीतलं ते लक्षात राहावं म्हणून देठाशी बॉलपेनने बारीक ठिपके देते, आणि ती फळं गुपचूप पुन्हा ढिगात मिसळते. तीच बाई, तीच फळं. मघाशी एक नंबरात टाकलेलं फळ आता दोन नंबरात गेलं, की समजायचं, हात अजून कच्चा आहे. याला आम्ही फळं फिरवणं म्हणतो. माझी पहिले दोन महिने फळं फिरवली तिने. दोन महिन्यांनी वीसच्या वीस जागेवर पडायला लागली. त्याचा मला गर्व होता आणि मी तो कधी लपवला नाही.

तर, डोळा. थंडीचे दिवस होते. सकाळी उठले ती उजवा डोळा लाल. चिकूचा चीक उडाला असेल म्हणून पाण्याने धुतला आणि कामाला गेले. दुसऱ्या दिवशी उजेड टोचायला लागला आणि डोळ्याच्या आत खोलवर ठणका मारायला लागला. नवरा त्या दिवशी बोटीवर गेला नाही, मला घेऊन डहाणूला गेला. डोळ्यांचा मोठा डॉक्टर म्हणून हाच आमच्या माहितीचा. त्याच्याकडे सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि चांगलं झालं होतं, हे मला इथे सांगावं लागतंय याचाही मला राग येतो.

दुपारची वेळ होती, बाहेर बाकं भरलेली. आत गेल्यावर त्याने मला त्या यंत्रापुढे बसवलं. हनुवटी टेकवा, कपाळ लावा. प्रकाशाची एक उभी फट डोळ्यात घुसली. खिडकीचा पडदा अर्धा उघडा होता आणि बाहेरचं ऊन थेट माझ्या तोंडावर येत होतं. मला ते पक्कं आठवतं, कारण डोळ्याला यंत्रापेक्षा ते ऊन जास्त बोचत होतं. डॉक्टरच्या कानाला फोन होता. पलीकडच्या माणसाला तो कुठल्याशा लग्नाच्या हॉलचा पत्ता समजावत होता. एक चिकू निवडायला मला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात त्याने माझा डोळा निवडून टाकला. कागदावर लिहिलं, १+.

"डोळ्याच्या आत थोडी सूज आहे, ताई. किरकोळ. दिवसातून चार वेळा थेंब घाला आणि पंधरा दिवसांनी या."

"दुखतं फार, डॉक्टर."

"दुखणारच. डोळा आहे तो."

मी थेंब घातले. शहाण्या बाईसारखे, घड्याळ बघून. आठव्या दिवशी उजव्या डोळ्यापुढे सगळं दूध सांडल्यासारखं पांढरं झालं. दवाखान्यात फोन केला तर डॉक्टर बाहेरगावी. शेडमधल्या एकीने सांगितलं की तलासरीला हायवेच्या कडेला एका दवाखान्यात डोळ्यांच्या तज्ज्ञ मॅडम दर बुधवारी येतात. नशिबाने तो बुधवारच होता. डोळ्यावर पदर धरून मी बसमध्ये बसले.

मॅडम वयाने लहान होत्या. त्यांनी आधी दार लावलं, पडदा ओढला, दिवा घालवला आणि मग यंत्रापुढे बसल्या. बराच वेळ बघत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी कागदावर लिहिलं, ३+, आणि म्हणाल्या, "आधी का नाही आलात?"

डोळ्यातली बाहुली आतल्या भिंगाला चिकटली होती. ती सोडवायला थेंब, सूज उतरवायला तासातासाला स्टिरॉइडचे थेंब. आणि माझा डोळा असा करंटा की त्या स्टिरॉइडने त्याचं प्रेशर चढलं. औषध कमी केलं की सूज वर, वाढवलं की प्रेशर वर. मॅडमनी सहा महिने झुंज दिली. शेवटी हाती काय राहिलं? उजव्या डोळ्याने समोर माणूस उभा आहे एवढं कळतं. कोण आहे ते कळत नाही. आणि एवढं होऊनही आतली सूज कमीजास्त होत तिथेच ठाण मांडून बसली.

मॅडमना मी एकदा विचारलं, हे एक प्लस, तीन प्लस म्हणजे काय? त्यांनी समजावलं, आणि मला वाटतं त्यांना नंतर त्याचा पश्चात्ताप झाला असेल. डोळ्याच्या पुढच्या भागात पाणी असतं. सूज आली की त्या पाण्यात पांढऱ्या पेशी तरंगतात, उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगते तशा. यंत्रातून एक मिलिमीटर लांबरुंद प्रकाशाचा चौकोन आत सोडायचा आणि त्यात किती पेशी दिसतात ते बघायचं. एकही नाही तर शून्य. पाचपर्यंत अर्धा. सहा ते पंधरा एक. पंचवीसपर्यंत दोन, पन्नासपर्यंत तीन आणि त्यापुढे चार. जेवढा आकडा तेवढं औषध.

"म्हणजे तुम्ही मोजता."

"मोजायला हवं. पण त्या हलत असतात ना, वर-खाली. खोलीत उजेड असला तर कमी दिसतात, दिवा मंद असला तर कमी दिसतात. सवयीने बरेच जण अंदाजच करतात. दोन तज्ज्ञांमध्ये एका पायरीचा फरक आम्ही धरूनच चालतो."

एका पायरीचा फरक. धरून चालतो. मी तिथे हनुवटी पुसत बसले होते आणि माझं रक्त उकळत होतं. आमच्या शेडमध्ये एका पायरीचा फरक पडला तर वापीचा व्यापारी अख्खा टेंपो परत पाठवतो. फळाला जेवढा मान, तेवढा माझ्या डोळ्याला नाही?

"मग त्या डॉक्टरने एक लिहिलं तेव्हाच तीन असेल?"

"असू शकेल. किंवा तेव्हा खरंच एक असेल आणि आठ दिवसांत वाढलं असेल. ते आता कोणीच सांगू शकणार नाही."

त्यातलं 'असू शकेल' एवढंच मी घरी आणलं.

कागद घेऊन मी डहाणूच्या डॉक्टरकडे गेले. भांडायला म्हणूनच गेले होते. त्याने दोन्ही कागद बघितले आणि शांतपणे म्हणाला, "त्या दिवशी एकच होतं, ताई. मी बघितलं होतं ना." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्या दिवशी मी ठरवलं, या माणसाच्या तोंडून एक दिवस 'मी बघितलं नव्हतं' हे वदवून घेईन. डोळा परत मिळणार नव्हता. निदान ते वाक्य तरी मिळायला हवं होतं.

मी त्याच्याबद्दल जिथे बसेन तिथे बोलायला लागले. बाजारात, सुकटाच्या ओट्यावर, हळदीकुंकवाला. नवरा म्हणाला, "आता पुरे कर." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. शेडमध्येही तेच पुराण चालायचं. एकदा दुपारी डबा खाताना मी म्हणाले की मी डॉक्टर असते तर माझ्या हातून असं कधी झालं नसतं, माझी वीसच्या वीस फळं जागेवर पडतात. मावशीने भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"बाय, राग नको धरू. गेल्या महिन्यात मी तुझी फळं फिरवली."

"माझी?"

"वीसातली सात दुसऱ्या पेटीत गेली. कोणाला बोलले नाय मी. हात तुझा तोच हाय, पण एक डोळा गेला ना."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. माझ्या मागे, माझ्याच फळांवर ठिपके! मी डबा तसाच बंद केला. तो राग मावशीवर काढायचा की स्वतःवर, हे कळेना, म्हणून मी तोही डॉक्टरच्याच खात्यात टाकला. डोळा त्याने घेतला होता, तेव्हा हातही त्यानेच घेतला. आणि त्याच रागात मला सुचलं की फळं फिरवायची ती त्याची.

संधी चालून आली. तलासरीत एका शाळेच्या हॉलमध्ये डोळे तपासणीचं मोठं शिबिर होतं. दोन टेबलं, दोन यंत्रं. एका टेबलावर मॅडम, दुसऱ्यावर डहाणूचा डॉक्टर. आसपासच्या पाड्यांतून माणसं लोटली होती. सर्दीतापाची साथ होती म्हणून सगळ्यांना मास्क लावायला सांगितलं होतं. देव माझ्या बाजूने आहे असं मला त्या दिवशी वाटलं.

सकाळी मी सासरच्या नावाने चिठ्ठी काढली आणि निळ्या साडीत, डोक्यावरून पदर घेऊन त्याच्या टेबलापुढे बसले. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही, डोळ्याकडे बघितलं. खिडक्यांतून ऊन आत येत होतं. लिहिलं १+. मग मी मॅडमच्या रांगेत गेले. त्यांनी मला ओळखलं, नेहमीची तपासणी म्हणून बघितलं, टेबलाखालची काळी चादर डोक्यावर घेऊन. लिहिलं २+. दुपारी जेवणं झाल्यावर मी मुलींच्या बाथरूममध्ये साडी बदलली, माहेरच्या नावाने दुसरी चिठ्ठी काढली आणि पुन्हा त्याच्या टेबलापुढे हनुवटी टेकवली. ऊन तोवर पलीकडे गेलं होतं आणि हॉलमध्ये अंधारून आलं होतं. माझं काळीज इतकं धडधडत होतं की यंत्र हलेल असं वाटलं. त्याने बघितलं, जीभ टाळ्याला लावून च्च केलं आणि लिहिलं ३+.

एक डोळा, एक दिवस, तीन आकडे, आणि त्यातले दोन एकाच हाताचे.

संध्याकाळी शिबिराचा समारोप होता. सरपंच होते, शाळेचे मुख्याध्यापक होते, पुढे सतरंजीवर दीडशे माणसं. डॉक्टरच्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला, टाळ्या झाल्या. टाळ्या थांबायच्या आत मी उभी राहिले. मास्क काढला. माझा आवाज मुळात मासळीबाजारात तयार झालेला, माईक लागला नाही. तिन्ही चिठ्ठ्या मी वाचून दाखवल्या. नावं वाचली, वेळ वाचली, आकडे वाचले. मग म्हणाले, "हा एकच डोळा आहे. माझा. यांनीच घालवलेला. सकाळी एक, दुपारी तीन. चिकू निवडायला आमच्याकडे बसवला तर दुसऱ्या दिवशी घरी पाठवू."

आधी कोणी हसलं नाही. मग मागून एक हसला आणि सगळा हॉल हसला. डॉक्टर शाल पांघरून, नारळ पोटाशी धरून उभा होता. मी चिठ्ठ्या त्याच्या हातात दिल्या. त्याने नारळ टेबलावर ठेवून त्या दोनदा वाचल्या. "अक्षर माझंच आहे," एवढंच म्हणाला.

मला हवं ते वाक्य ते नव्हतं. पण खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला दोन वर्षांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

मॅडम मात्र माझ्यावर चिडल्या. "माझा कागद तुम्ही मला न विचारता वापरलात. आणि मलाही दोनदा बसवलं असतंत तर मीही दोनदा दोनच लिहिलं असतं असं समजू नका." मी म्हटलं, तुम्ही निदान चादर तरी घेतली. उन्हाळ्यात त्यांना दूर कुठेतरी मोठ्या इस्पितळात नोकरी लागली आणि तलासरीचा बुधवार बंद झाला.

मावशीला मी शिबिराचा किस्सा रंगवून सांगितला. ती हसली, पण अर्धवट. "तुला ती आपली उंच बाई आठवते? टेंपो परत आला तेव्हा शेठ जिला सगळ्यांसमोर बोलला?"

आठवत होती. बारीक माल वरच्या पेटीत टाकला म्हणून शेठने तिची पार लाज काढली होती. दुसऱ्या दिवसापासून ती एक नंबरचं फळही दोनमध्ये टाकायला लागली. भीतीने. तिच्या हातून एक नंबरची पेटी भरेचना. शेवटी तिला निवडीवरून काढून धुण्यावर बसवावं लागलं.

"बोलणी खाल्लेला डोळा फळ बघत नाय," मावशी म्हणाली. "आता तुझा डाक्टर सगळ्यांना वरचा नंबर देईल बघ."

आणि तसंच झालं. पावसाळ्याच्या आधी नवऱ्याची मासळी घेऊन बाजारात बसायला गेले तर ओळीतल्या तिघींच्या पिशव्यांत स्टिरॉइडची तीच पांढरी बाटली. तासातासाला थेंब. एकीचा डोळा तर घराशेजारच्या वीटभट्टीच्या धुराने लाल झाला होता, दरवर्षी होतो तसा. तिलाही तीन. मी हसले. चांगली जिरली म्हणाले. भित्रा झाला, आता लिहील प्रत्येकाला तीन. त्या थेंबांनी कोणाकोणाचं प्रेशर चढेल हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्याइतकं त्या बाजारात ते कोणालाच माहीत नव्हतं. पण मी बाटली बघून हसले, आणि थांबा, दुसरीकडे दाखवा, असं एकीलाही म्हणाले नाही. ते हसू मला आज आठवतं तेव्हा लाज वाटते.

नवरात्राच्या आधी एका सकाळी डोळे उघडले आणि डावा डोळा उजेडाला मिटला. हात लावून बघितला. आत तोच ठणका, खोल. मी अंथरुणातच बसून राहिले. उजवा उघडा ठेवला तर समोर माणसाच्या आकाराचं काहीतरी उभं होतं. आवाजावरून नवरा आहे हे कळलं.

मॅडम नव्हत्या, तेव्हा त्या दिवशी माझ्यापुढे जवळचं डहाणूच होतं. अर्ध्या तासावर. त्याच्याचकडे. रिक्षात मी देवाला म्हणाले, आता तरी याला नीट बघू दे.

त्याने मला बघितलं आणि उभाच राहिला. फोन नव्हता कानाला. यंत्रापुढे बसला, बघितलं, लगेच मागे सरला, जणू डोळाच त्याला चावेल. लिहिलं ३+.

"तासातासाला थेंब, ताई. आजच सुरू करा."

"तीन आहेत की मी आहे म्हणून तीन?"

त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "खरं सांगू? तुमच्या डोळ्यात बघताना मला तुमच्या त्या चिठ्ठ्या दिसतात. वापीला जाऊन दुसऱ्या कोणाला दाखवून घ्या."

त्याच दुपारी आम्ही वापीला गेलो. तिथला डॉक्टर भला माणूस, अर्धं गुजराती अर्धं हिंदी बोलणारा. पंख्याखाली, ट्यूबलाइटच्या उजेडात त्याने बघितलं आणि म्हणाला, "चिंता करवानी जरूर नथी," म्हणजे काळजीचं काही नाही, आणि लिहिलं १+.

परतताना गाडीत माझ्या मांडीवर दोन कागद होते. वापीचं एक खरं मानून कमी थेंब घालावेत आणि आत तीन असेल, तर बाहुली चिकटून डोळा उजव्याच्या वाटेने जाणार. तीन खरं मानून तासातासाला घालावेत आणि आत एकच असेल, तर माझा डोळा स्टिरॉइडने चढतो, तेव्हा विनाकारण प्रेशर चढून तो त्याच वाटेने जाणार. दोन्हीकडून तोच खड्डा. आणि मुद्दा आता चिकूचा नव्हता. नवऱ्याचं तोंड, भाकरीचा तवा, रस्त्यावरची गाडी, सगळं त्या एका डोळ्यावर होतं. डहाणूच्या कागदावरचा आकडा भित्रा झाला होता, आणि तो भित्रा मीच केला होता.

डहाणू आलं तेव्हा दिवेलागण होत होती. दवाखाना अजून उघडा होता. नवरा नको म्हणत असताना मी आत घुसले.

"पडदा लावा," मी डॉक्टरला म्हणाले. "पूर्ण. दिवा घालवा. फोन बाहेर कंपाउंडरकडे द्या. आणि मोजा. अंदाज नको. मोठ्याने मोजा, मला ऐकू येईल असं. एकदा नाही, तीनदा."

मुकादम बाईला हुकूम करायला शिकवावं लागत नाही. त्याला राग आला असेल, पण त्याने उठून पडदा लावला. अंधारात थोडा वेळ नुसता बसला, डोळे सरावायला. मग प्रकाशाचा तो चौकोन आत आला आणि डॉक्टर मोजायला लागला. "एक. दोन. तीन, चार. हा खाली गेला. पाच." शाळेत पाढे म्हणतात तसा आवाज लागला होता त्याचा. एकोणीस झाले. "पुन्हा," मी म्हणाले. दुसऱ्यांदा बावीस. तिसऱ्यांदा वीस. त्याने जुना कागद फाडला आणि नव्यावर लिहिलं २+. वापीचं एक नाही, सकाळचं तीन नाही. त्या आकड्याचे थेंब, दर चार दिवसांनी प्रेशर तपासणं, दर वेळी अंधार आणि मोठ्याने मोजणी. दोन महिन्यांनी त्याला त्या चौकोनात एकही पेशी सापडली नाही. हे मी डाव्या डोळ्याने लिहिते आहे.

आजही त्याच्या बाकावर बसले की शेजारच्या बाईला सांगते, आत गेल्यावर पडदा लावायला सांगा, मोठ्याने मोजायला लावा. बायका सांगतात. बाहेर बसून मला ऐकू येतं, सात, आठ, नऊ. पेशंटांची रांग लांबते, तो घरी उशिरा जातो. जाऊ दे.

पण त्या संध्याकाळची तिसरी मोजणी मी वर पुरती सांगितली नाही. बावीसनंतर तो तिसऱ्यांदा मोजायला बसला तेव्हा अकरावर थांबला. यंत्राच्या पलीकडे अंधारात त्याचा श्वास ऐकू येत होता. तोवरच्या सगळ्या मोजणीला किती वेळ लागला होता? दोन मिनिटं. फार तर तीन.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "उजव्या डोळ्याच्या वेळी. मी मोजले नव्हते."

अडीच वर्षं मी त्या वाक्याला उत्तरं तयार ठेवली होती. एकाहून एक जहाल. पण माझी हनुवटी त्या कप्प्यात होती, कपाळ पट्टीला टेकलेलं होतं, तोंड उघडलं असतं तर डोळा हलला असता. डावा डोळा भरायला लागला.

"पाणी आणू नका, ताई," तो म्हणाला. "मग मला मोजता येणार नाही."

मी दात आवळले. पाणी जिथे होतं तिथे धरून ठेवलं. "एकपासून," मी म्हणाले, आणि त्याने एकपासून सुरुवात केली.